उतू जाण्याची तरतूद

प्राणेश हुपरीकरचा अंदाज कधी चुकत नसे. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ज्या कारखान्यात तो नोकरीला होता तिथे विजेची पॅनेलं बनत, आणि एका पॅनेलला किती पत्रा, किती वायर, किती नटबोल्ट आणि किती चहा लागेल हे काम सुरू होण्याआधी सांगणं हीच त्याची नोकरी होती. चहासुद्धा तो धरत असे. वायरिंग करणारी माणसं चहा पितात, ही गोष्ट त्याच्याआधीच्या एकाही एस्टिमेटरच्या ध्यानात आली नव्हती, आणि त्याबद्दल साहेबांनी भर मीटिंगमध्ये त्याचं नाव घेतलं होतं. त्या दिवशी प्राणेशची मान जी ताठ झाली ती भाड्याचं घर थाटायची वेळ येईपर्यंत तशीच होती.

शहाण्णव सालच्या वैशाखात त्याचं लग्न झालं. मुलगी बेळगावची, शहापूर पेठेतली, नाव पद्मावती. सासरे गुंडोपंत खानापूरकर तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कचेरी सुटली तरी त्यांची कलमं सुटली नव्हती. लग्नानंतर पद्मावती थोडे दिवस निपाणीला सासरी राहिली, मग माहेरी गेली, आणि प्राणेश बेंगळुरात चामराजपेटेतल्या लॉजवर आपल्या खाटेकडे परतला. जागा मिळाली की तिला आणायचं असं ठरलं होतं. पण ज्येष्ठ निम्मा उलटला तेव्हा एसटीडी बूथवरून केलेल्या फोनवर गुंडोपंतांनी एक कलम काढलं. नव्या नवरीनं पहिला आषाढ सासरी काढायचा नसतो, माहेरी काढायचा असतो. त्यात त्या वर्षी पंचांगात आषाढ दोन होते, एक अधिक आणि एक निज. म्हणजे आता राहिलं की थेट श्रावणात.

लॉजवरच्या खाटेवर दोन आषाढ काढायची प्राणेशची तयारी नव्हती. जन्मात पहिल्यांदा तो एसटीडीचे पैसे खर्चून भांडला. निपाणीचं घर हे सासर आहे, बेंगळुरातलं घर हे सासर कसं, तिथे सासूच नाही, असा मुद्दा त्यानं मांडला. गुंडोपंतांनी मुद्दा नोंदवून घेतला, बराच वेळ घसा खाकरला आणि निकाल दिला. भाड्याचं का असेना, पण स्वतंत्र घर असेल, ते नांदतं दिसत असेल, आणि त्या घरात आषाढ लागायच्या आत पद्मावतीच्या हातून दूध उतू गेलं असेल, तर ते सासर धरलं जाणार नाही. दुधाच्या दिवशी ते स्वतः मुलीला घेऊन येतील. सगळं यथास्थित झालं तर मुलगी ठेवून जातील, नाहीतर रात्रीच्या बसनं तिला घेऊन परत.

मग फोन पद्मावतीकडे गेला. बूथमधला तांबडा आकडा पुढे सरकत होता.

"मीटरकडं बघताय नव्हं?" तिनं विचारलं.

प्राणेशनं दचकून मान वळवली आणि नाही म्हणून सांगितलं.

"लवकर करा," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्या रात्री प्राणेशनं अंदाजपत्रक केलं. सहा मुख्य बाबी, त्यांच्या पोटात उपबाबी, आणि सगळ्यांत खाली 'अनपेक्षित खर्च, पाच टक्के'. खरं तर हे कलम त्याला मनातून पटत नसे. नीट विचार करणाऱ्या माणसाला अनपेक्षित काही उरतंच कशाला, असं त्याचं मत होतं. तरी रीत म्हणून त्यानं ते घातलं, खाली तारीख टाकून सही केली, आणि निर्धास्त झोपला.

दुसऱ्या दिवशी त्याला परसू भेटला. परसू हा घरांचा ब्रोकर. सायकलवर फिरायचा आणि हनुमंतनगरातल्या कुठल्या घरात कोण कधी रिकामं करणार आहे हे त्याला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं. त्यानं सांगितलं की अ‍ॅडव्हान्स दहा महिन्यांच्या भाड्याचा. प्राणेशला आनंद झाला. म्हणजे दहा महिने भाडं द्यायचंच नाही तर, असं तो म्हणाला. परसूनं सायकल स्टँडवर लावली, कारण असं काही ऐकायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं समजावलं की भाडं दर महिन्याला वेगळं. अ‍ॅडव्हान्स हा मालकाकडे नुसता बसून राहतो. घर सोडताना परत मिळतो, त्यातून एका महिन्याचं भाडं रंगासाठी कापून. शिवाय परसूला एका महिन्याचं.

प्राणेश थक्क झाला. राग यायला हवा होता, पण आधी त्याला आदरच वाटला. या शहरात गल्लीगल्लीतून माणसं दहा-दहा महिन्यांची भाडी एकमेकांच्या हातात ठेवून रात्री शांत झोपतात, ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. राग नंतर आला, बँकेतून स्कूटरसाठी साठवलेले पैसे काढताना. स्कूटर त्या दिवशी अंदाजपत्रकातून जी गेली ती पुढची कित्येक वर्षं दिसली नाही.

घरमालक निघाले मराठी. अप्पासाहेब आणि सोयराबाई मोहिते. शहाजीराजांच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज इकडे आले होते. "आलो ते स्वल्प दिवसासाठीच," अप्पासाहेबांनी सांगितलं, "मग काय की, परत जायाचं राहूनच गेलं." साडेतीनशे वर्षांपूर्वी थोड्या दिवसांसाठी आलेला माणूस अजून लुंगी नेसून व्हरांड्यात कॉफी पितोय, हे बघून प्राणेश भारावला. सोयराबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बायको स्वयंपाक करते का ते विचारलं, आणि 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, अशी हाक मारून वरच्या मजल्याची किल्ली दिली. एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर, खाली लालभडक गुळगुळीत फरशी. त्या फरशीत आपलं तोंड दिसतं हे प्राणेशला फार आवडलं.

तोंड दिसलं ते दिवसा. संध्याकाळी कळलं की घरात एकही बल्ब नाही. आधीच्या भाडेकरूनं बल्ब नेले होते. होल्डरही नेले होते. पंख्यांच्या जागी छताला तीन हुक होते. न्हाणीघरातल्या नळांच्या मुठी नव्हत्या, आतल्या खोलीची कडी नव्हती, आणि दारावरच्या नावाच्या पाटीबरोबर तिचे चार स्क्रूही गेले होते. प्राणेशनं अंदाजपत्रकात 'दिवाबत्ती' या बाबीखाली बल्ब धरले होते, होल्डर धरले नव्हते. भिंतीतून बाहेर आलेल्या त्या दोन वायरींकडे तो अंधार पडेपर्यंत बघत उभा राहिला. पॅनेलातल्या चारशे वायरींचे हिशेब तोंडपाठ असलेला माणूस त्या दोन वायरींपुढे हरला होता.

त्यानंतर त्याला एका गोष्टीचा साक्षात्कार होत गेला, आणि ती अशी की घरातली कुठलीही वस्तू एकटी येत नाही. गादी आणली की उशी लागते, उशीला अभ्रा लागतो, अभ्रा धुवायला बादली लागते, बादलीला टमरेल लागतं, धुतलेलं वाळत घालायला दोरी लागते, दोरीला खिळे लागतात, आणि खिळे ठोकायला हातोडी लागते. हातोडीशी हे थांबेल असं त्याला वाटलं होतं. पण भिंत जुनी आणि कडक, पहिलाच खिळा वाकला, आणि सोयराबाईंनी खालून हाक मारून सांगितलं की भिंतीला भोकं पाडली तर ती अ‍ॅडव्हान्समधून जातील.

समोरच्या घरात अनुसूयम्मा राहत. त्यांचा बराचसा दिवस फाटकाशी जाई आणि प्राणेश काय आणतो यावर त्यांची नजर असे. प्राणेशला कन्नड चांगलं येत होतं, निपाणी-बेळगावकडचं, ठणठणीत. पहिल्याच दिवशी तो त्यांच्याशी अस्खलित कन्नडमधून चार वाक्यं बोलला. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, डोळे पुसले, आणि मोडक्या हिंदीत उत्तर दिलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं हे त्यानं बघितलं होतं. हा घाव तो विसरला नाही, त्यामुळे अनुसूयम्मांचा एकही सल्ला घ्यायचा नाही असं त्यानं ठरवून टाकलं. त्यांनी सांगितलं की कावेरीचं पाणी एक दिवसाआड येतं, आधी मोठा ड्रम घ्या. त्यानं टेबल घेतलं. त्यांनी सांगितलं की आधी रॉकेलचा स्टोव्ह घ्या, गॅसला वेळ लागतो. त्यानं कपाट घेतलं. सासऱ्यांना घर नांदतं दिसायला हवं होतं, आणि ड्रमनं घर नांदतं दिसत नाही असा त्याचा विचार होता.

गॅसचं मात्र अनुसूयम्मा म्हणाल्या तसंच झालं. गॅसच्या एजन्सीनं रेशनकार्ड मागितलं. रेशनच्या कचेरीनं या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा मागितला, आणि पुरावा कसला चालेल असं विचारल्यावर गॅसची पावती चालेल असं सांगितलं. या दोन खिडक्यांमध्ये प्राणेशनं इतक्या खेपा घातल्या की रेशन कचेरीतला कारकून त्याला नावानं ओळखू लागला. ओळख हा पुरावा धरता येत नाही, हेही त्यानंच आपुलकीनं सांगितलं. दोन सरकारी खिडक्या एकमेकींच्या आधारावर इतक्या भक्कम उभ्या राहू शकतात, याचं प्राणेशला मनापासून नवल वाटलं. कारखान्यात असं डिझाइन अजून कुणाला जमलं नव्हतं. शेवटी त्यानं विजेची शेगडी आणली. विजेच्या पॅनेलातल्या माणसाच्या घरात शेगडी विजेचीच असावी, असं त्यानं स्वतःला समजावलं.

आता राहिलं भांडं. चिकपेटेतल्या दुकानात दुधासाठी पातेलं दाखवा म्हटल्यावर दुकानदारानं लहान, मध्यम आणि मोठं अशी तीन मांडली. एस्टिमेटर इथे जागा झाला. त्यानं तिन्ही पातेल्यांची किंमत त्यांच्यात मावणाऱ्या लिटरांनी भागली. लहान पातेलं लिटरमागे सगळ्यांत महाग होतं, मोठं सगळ्यांत स्वस्त. शिवाय मोठ्यात पाहुण्यांचं पिठलं होईल, आंघोळीचं पाणी तापेल, पुढेमागे संसार वाढला तरी नवीन भांडं घ्यावं लागणार नाही. दुकानदार म्हणाला की घरात माणसं दोनच असतील तर लहानच न्या. प्राणेशनं त्याला भागाकार करून दाखवला. दुकानदारानं कागदाकडे बघितलं, प्राणेशकडे बघितलं, आणि मोठं पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. त्या सबंध महिन्यात अंदाजापेक्षा कमी खर्चात झालेली ही एकच खरेदी होती आणि तो बसमध्ये पातेलं मांडीवर घेऊन मोठ्या समाधानानं बसला.

मुहूर्त अप्पासाहेबांनी काढला. शनिवारी अमावास्या लागत होती आणि तिच्यामागून आषाढ. शुक्रवार फारसा चांगला नव्हता, पण त्यांनी कॅलेंडर जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा काढून धरलं, आणि स्वल्प अ‍ॅडजस्ट करून सांगितलं की शुक्रवारी सकाळी चालेल. फक्त साडेदहाच्या आत. साडेदहाला राहुकाळ लागतो, त्यात बेंगळुरात कुणी रुपयाची मोडसुद्धा देत नाही. आणि राहुकाळानंतर काय, असं प्राणेशनं विचारलं. नंतर चतुर्दशीची पण वाईट वेळ, असं म्हणून अप्पासाहेबांनी कॅलेंडर खिळ्याला अडकवलं. तो खिळा त्यांच्या भिंतीत होता, हे प्राणेशनं पाहून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी बेळगावची बस मॅजेस्टिकला आली. गुंडोपंत उतरले, त्यांच्यामागून पद्मावती. तिच्या हातात तांब्याची कळशी होती आणि रात्रभराच्या प्रवासानं डोळे लाल झाले होते. बसस्टँडवर सासऱ्यांसमोर काही बोलता येईना, म्हणून प्राणेशनं तिच्या हातातली कळशी घेतली. ती हसली. रिक्षात गुंडोपंत मध्ये बसले.

घरात शिरल्यावर गुंडोपंतांनी सरकारी पाहणी करावी तशी पाहणी केली. कपाट उघडून बघितलं. आत एक शर्ट होता. टेबलावर हात फिरवला. नळ सोडून बघितला. पाण्याचा तो दिवस नव्हता. बल्बचं बटण दाबलं, बल्ब लागला. प्राणेशच्या छातीवरचं ओझं जरा उतरलं, आणि त्याच क्षणी बल्ब गेला. नुसता बल्ब नाही, गल्लीतली सगळी वीजच गेली. त्या उन्हाळ्यात धरणं तळाला लागली होती आणि सकाळी दोन-दोन तास वीज जात होती, हे प्राणेशला माहीत होतं. पण तो त्या वेळी रोज कंपनीच्या बसमध्ये असे, म्हणून घरातली वीज जाते असं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. विजेची शेगडी कट्ट्यावर थंड बसून होती. तिच्यावर ते मोठं पातेलं, आणि पातेल्याच्या तळाशी पहाटे दुधाच्या बूथवर रांग लावून आणलेलं अर्धा लिटर दूध.

"वीज कधी येते म्हणायची ओ, जावईबापू?" गुंडोपंतांनी विचारलं.

प्राणेशनं सांगितलं, अकराला. गुंडोपंतांनी घड्याळ बघितलं आणि पिशवी खाली ठेवली नाही.

प्राणेश धावत खाली गेला. सोयराबाईंच्या गॅसवर दोन मिनिटं दूध तापवून घ्यावं असं त्याचं म्हणणं. सोयराबाईंनी साफ नकार दिला. आमच्या चुलीवर तुमचं दूध उतू गेलं तर तुमची लक्ष्मी आमच्या घरात राहणार, मग ती तुम्हाला परत कशी द्यायची, असं त्यांनी विचारलं. लक्ष्मी वरच्या मजल्यावर नेऊन पोचवायची काही सोय प्राणेशलाही सुचेना. मग सोयराबाई माळ्यावर चढल्या, धुळीनं भरलेला पंपाचा पितळी स्टोव्ह घेऊन उतरल्या, आणि समोर तोंड करून अनुसूयम्मांना हाक मारली. अनुसूयम्मांनी कशाला हवं हे न विचारता बाटलीभर रॉकेल आणलं. स्टोव्ह आणि रॉकेल उसनं चालेल, सोयराबाईंनी कायदा सांगितला, फक्त काडी घरच्या लक्ष्मीनं लावायची आणि भांडं तुमचं नवं पाहिजे. मागून जिन्यावर आलेल्या गुंडोपंतांनी मान हलवून मान्यता दिली. आपल्यापेक्षा जास्त कलमं माहीत असलेलं माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटलं होतं.

पद्मावतीनं हळदकुंकू वाहिलं, काडी लावली, अप्पासाहेबांनी पंप मारला, आणि स्टोव्ह गरजायला लागला. सगळे पातेल्याभोवती उभे राहिले. दूध तापलं. दूध उकळलं. त्यावर साय आली, साय फाटली, फेस चार बोटं वर आला आणि दमून तिथेच थांबला. पातेल्याचा काठ अजून वीतभर लांब होता.

अनुसूयम्मांनी पातेल्यात वाकून बघितलं आणि सोयराबाईंकडे पाहिलं. दूध अर्धा लिटर, पातेलं पाच लिटरचं, आणि ते घेणारा एस्टिमेटर. असं भांडं प्राणेशनं निवडलं होतं की त्यातून काही म्हणजे काही उतू जाऊ नये. जन्मभर त्यानं हेच केलं होतं, आणि आज पहिल्यांदा ते इतकं बिनचूक जमलं होतं की त्याला धरणी दुभंगावी असं वाटलं.

"लहान भांडं नाही?" पद्मावतीनं हळूच विचारलं.

"लिटरमागं महाग पडत होतं," प्राणेश म्हणाला. ते तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. पद्मावतीनं मान खाली घातली. गुंडोपंतांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

प्राणेश दुधासाठी बूथवर धावला. बूथ बंद झाला होता. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं की आहे ते कॉफीचं आहे, घर शिफ्ट करणाऱ्याला ते देत बसलो तर गिऱ्हाईक मला शिफ्ट करेल. रिकाम्या हातानं परतताना प्राणेशला वाटलं की आता जिन्यावरून गुंडोपंत उतरताना दिसतील, मागून पद्मावती, तिच्या हातात पुन्हा ती कळशी. दोन आषाढ. लॉजवरची त्याची खाट आदल्या दिवशीच दुसऱ्या कुणाला दिली होती, म्हणजे ते दोन आषाढ या लाल फरशीवर, एका पाच लिटरच्या पातेल्याबरोबर काढायचे होते. तेव्हा पैशांचा विचार त्याच्या मनात नव्हता. तिला आता परत जाऊ द्यायचं नाही, एवढंच होतं.

तो जिना चढून आला तर स्वयंपाकघरात शिरायला जागा नव्हती. सोयराबाईंनी आपलं कॉफीचं दूध ओतलं होतं. अनुसूयम्मांनी विरजणासाठी ठेवलेलं आणलं होतं, आणि येताना शेजारच्या घरात सांगितलं होतं, त्यांनी पुढच्या घरात. तांब्या, लोटा, वाटी, फिरकीचा डबा, जे हातात सापडलं त्यातून गल्लीतल्या बायका दूध आणत होत्या, पातेल्यात ओतत होत्या आणि बाजूला भिंतीला लागून उभ्या राहत होत्या. कोण आलंय, कुणाचं घर, कुठल्या जातीचं, काही विचारत नव्हत्या. नव्या घरात दूध उतू जात नाहीये एवढंच त्यांना कळलं होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं. सकाळची दुसरी कॉफी ही या शहरात काय चीज असते ते प्राणेशला एव्हाना माहीत होतं, आणि गल्लीतल्या एकूण एक घराची ती कॉफी त्याच्या पातेल्यात होती. तो दारात उभा राहून बघत राहिला. या खर्चाला कुठल्या बाबीखाली घालायचं ते त्याला सांगता आलं नसतं.

अडचण फक्त एकच होती. दूध उकळायला येई आणि नेमकं कुणीतरी थंड दूध आणून ओती, की सगळं पुन्हा खाली बसे. दहा वाजून गेले तेव्हा सोयराबाईंनी दारात हात आडवा धरला आणि शेवटच्या दोघींना दूध नंतर खिरीला द्या म्हणून सांगितलं. "साकु, साकु," म्हणजे पुरे, पुरे. दूध काठापासून चार बोटांवर आलं होतं. अप्पासाहेब पंप मारत होते आणि मध्येमध्ये घड्याळ दाखवत होते. गुंडोपंतांची पिशवी कधीतरी खाली ठेवली गेली होती आणि तेही मान पुढे काढून बघत होते.

मग दूध हललं. कडेनं बुडबुडे आले, साय मध्ये फुगली आणि सबंध पांढरा घुमट हळूहळू वर चढायला लागला. बायकांनी हात जोडले. घुमट काठाशी आला, काठावर आला, काठाच्या वर आला, आणि प्राणेश झेपावला. त्याच्याकडून ते झालंच. काहीतरी मर्यादेबाहेर जातंय हे त्याच्या डोळ्यांना दिसलं आणि हातांनी आपलं नेहमीचं काम केलं. त्यानं फुंकर मारली आणि स्टोव्हची चावी सोडली. हवा फस्सदिशी गेली, ज्योत विझली, आणि घुमट एकही थेंब न सांडता जिथून आला होता तिथे परत गेला.

"वाचलं," प्राणेश म्हणाला.

नंतर किती तरी वर्षं तो हा शब्द आठवून झोपेतून दचकून उठे. खाली रस्त्यावरच्या फुलवालीची हाक स्वयंपाकघरात ऐकू आली. अनुसूयम्मांनी पदर तोंडाला लावला, पण या वेळी हसायला नव्हे. गुंडोपंतांनी डोळे मिटून घेतले. अप्पासाहेबांनी घड्याळ बघितलं आणि ते खाली बसून पुन्हा स्टोव्हशी झटायला लागले. पिन घातली, पंप मारला, पद्मावतीनं काडी लावली. ती विझली. तिनं दुसरी लावली. स्टोव्ह भडकला, काळा झाला, आणि गरजायला लागला.

"तम्मा, बाहेर थांब," सोयराबाईंनी हुकूम सोडला. प्राणेश वळला. तेच योग्य आहे असं त्यालाही वाटत होतं.

पद्मावती म्हणाली, "नको. इथंच थांबा."

तिनं कट्ट्याशी उभं राहून त्याची दोन्ही मनगटं धरली. सगळ्यांसमोर, वडिलांसमोर. तिचे हात रॉकेलनं माखले होते. तापलेलं दूध दुसऱ्यांदा उकळायला वेळ लागला नाही. घुमट पुन्हा चढला, काठाशी आला, काठावर थरथरला. तिच्या पकडीत प्राणेशचे हात आपोआप ओढले गेले, तिला ते जाणवलं आणि तिनं घट्ट आवळले.

"जाऊ दे हो," ती हळू म्हणाली. "जाऊ दे ते."

आणि दूध गेलं. चारी बाजूंनी, एकदम, पातेल्यावरून, स्टोव्हवरून, कट्ट्यावरून. सबंध गल्लीचं दूध लाल फरशीवर पसरत आलं आणि बायका साड्या आवरत, हसत मागे सरकल्या. स्टोव्ह विझला. कुणीतरी हळद उधळली. सोयराबाईंनी भिजलेल्या फरशीला हात लावून कपाळाला लावला. कोमट दूध प्राणेशच्या पायांच्या बोटांमधून पुढे चाललं होतं, आणि एवढं सगळं वाया जाताना इतकं बरं वाटू शकतं हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. पद्मावतीनं मनगटं अजून सोडली नव्हती.

गुंडोपंत पायजमा वर धरून दुधातून एक-एक पाऊल टाकत आले. घड्याळात बघून त्यांनी वेळ बरोबर असल्याची मान हलवली. मग पुन्हा त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला.

"दूध किती गेलं म्हणायचं ओ, जावईबापू? साधारण अंदाजानं?"

प्राणेशनं फरशीकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि मग पद्मावतीकडे.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला.

गुंडोपंतांनी आपली पिशवी उचलली, आणि रात्रीच्या बसचं एकच तिकीट काढायला कुठे जावं लागेल ते अप्पासाहेबांना विचारलं.